आप्पा, आज वर्गात तुमच्याबद्दल सांगितलं

प्रिय आप्पा,

तुम्ही जाऊन चार वर्षं झाली आणि मी पत्र आज लिहितेय. कारण आज नांदेडच्या माझ्या कॉलेजात मी पहिल्यांदा तुमच्याबद्दल बोलले.

दीडशे वर्षांपूर्वीची एक इंग्रजी कादंबरी शिकवत होते. गरीब घरातलं पोर शहरात जाऊन साहेब होतं, आणि ज्यानं लहानाचं मोठं केलं, तो माणूस भेटायला आला की पोराला त्याचीच लाज वाटते. बिलोलीची एक पोरगी म्हणाली, "मॅडम, हा तर हलकटच आहे." सगळे हसले. मला हसता आलं नाही.

आठवतं ना, आप्पा? मी लातूरला हॉस्टेलात होते. देगलूरच्या मोंढ्यात पोती उचलणारे तुम्ही, सकाळची एसटी धरून भाकरी अन् तिळाची चटणी घेऊन आलात. खांद्यावर हमालीचा टॉवेल तसाच. मैत्रिणींनी विचारलं, कोण गं हे? मी म्हणाले, "गावाकडचे आहेत. घरून डबा घेऊन आलेत."

तुम्ही ऐकलंत. गाठोडं माझ्या हातात दिलंत अन् म्हणालात, "ताई, तुमच्या वडलांनी पाठवलंय. वेळेवर खा म्हणले."

ताई! पोटच्या पोरीला? का केलंत असं? एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. मी फाटकापर्यंतही सोडायला आले नाही. तुम्ही पुन्हा कधी लातूरला आला नाहीत, आणि मीही बोलावलं नाही.

हे सगळं आज वर्गात सांगितलं. तास संपल्यावर ती पोरगी जवळ आली. हळूच म्हणाली, "मॅडम, माझे पप्पा शनिवारी येणार होते. मीच येऊ नका म्हणलं." मग व्हरांड्यात जाऊन तिनं त्यांना फोन लावला.

त्या दिवशी लातूरहून परतल्यावर तुम्ही घरी काय सांगितलंत, मला ठाऊक आहे. लेकीनं सगळं कॉलेज फिरून दाखवलं, लई खूश झाली म्हणे! आई अजून शेजारणींना ते कौतुकानं सांगते, आणि मी शेजारी बसून मान डोलावते.

आता नाही. या रविवारी देगलूरला जाणार आहे. आईजवळ बसून खरं काय झालं ते सांगणार. ती रडेल, कदाचित चार दिवस बोलायची नाही. तरी सांगणार, आप्पा. माझ्यासाठी तुम्ही बोललेल्या खोट्याच्या आड मी यापुढं लपणार नाही.

तुमचीच लेक,
सुमन