शेजारणीचा वाडगा

आई, आज पुन्हा पाण्यात उतरले. या वयात उतरू नये असं डॉक्टर म्हणतो आणि गुडघेही त्याच्याच बाजूचे आहेत. पण प्रयोगशाळेतली नवी मुलं शंख मोजायला निघाली होती, त्यांनी विचारलं आणि मला नाही म्हणवलं नाही. आपल्या घरासमोरच्या उथळ पाण्यात, जिथे तू साडी गुडघ्यापर्यंत खोचून उभी राहायचीस, तिथलं गवत अजून तसंच आहे. शंख मात्र एकही दिसला नाही. "नेक्स्ट टाइम," मुलं म्हणाली. तू गेल्यापासून हे नेक्स्ट टाइम मी ऐकते आहे. आता त्याचा रागही येत नाही, नुसतं दमायला होतं.

तू इथे आलीस ती ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. बाबा गेले आणि मी तुला मालवणहून फ्लोरिडाच्या या बेटांवर आणलं. मी मत्स्य खात्यात नोकरीला होते. इथल्या गुलाबी ओठांच्या मोठ्या शंखाला कॉंक म्हणतात आणि इथे जन्मलेली माणसं स्वतःलाही तेच नाव लावतात. शेजारीण त्यांच्यातलीच. तिचा नवरा होडीतून शंख काढून आणायचा आणि त्यावरच त्यांचं घर चालायचं. पहिल्याच आठवड्यात ती निळ्या काठाचा पांढरा वाडगा घेऊन आली, आत शंखाचं मांस. "देवघरात ठेवायचा तो पातेल्यात घालू काय गो?" तू मला विचारलंस. मग तूच ते लाटण्यानं बडवलंस, खोबरं वाटलंस, बॅगेतून आणलेली आमसुलं टाकलीस आणि तिसऱ्या शिंपल्यांचं करायचीस तसं सुकं केलंस. पहिल्या घासानंतर देवघराचं नाव निघालं नाही. वाडगा धुऊन, त्यात सुकं भरून तू कुंपणावरून परत दिलास. रिकामं भांडं परत करायचं नाही, हा तुझा नियम तिला न सांगता कळला. मग तो वाडगा फिरतच राहिला. तिकडून शंख नाहीतर परसातली लिंबं, इकडून घावणे नाहीतर नारळाच्या वड्या. तुम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मी हाक मारते ते ऐकून तीही तुला आईच म्हणायची.

आणि मी रोज पाण्याखाली जाऊन बघत होते की शंख संपत चाललेत. ते पळत नाहीत, लपत नाहीत, कुणीही वाकून उचलावेत. एकमेकांजवळ असले तरच त्यांची जोडी जमते. फार विरळ झाले की भेटच होत नाही, मग उरलेले जिवंत असूनही काही उपयोग नाही. शंख काढायला बंदी घालावी का, यावर खात्यानं जनसुनावणी ठेवली, तिथे हे सगळं मी सांगितलं. शाळेच्या कॅफेटेरियात खुर्च्या मांडल्या होत्या, एका बाजूला आम्ही खात्याची माणसं, समोर होडीवाले. शेजारणीनं तिच्या शेजारची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवली होती, तिथे तू बसलीस. तिचा नवरा उठून म्हणाला, "बंद किती वर्षं?" मी म्हणाले, "थोडीच वर्षं. शंख परत येतील, तुम्ही पुन्हा काढाल." पुस्तकांत तसंच होतं आणि मी तरुण होते. मग बंदीला विरोध असलेल्यांना उभं राहायला सांगितलं. शेजारीण उभी राहिली आणि तिच्याबरोबर तूही. सगळ्या हॉलमध्ये साडी एकच होती, माझ्या साहेबांनाही दिसली. मला फार लागलं ते.

गाडीत मी म्हणाले, "आई, तू माझ्याविरुद्ध उभी राहिलीस." तू म्हणालीस, "जिच्या शेजारी बसले ती उठली, मी बसून राहू? तुझं बरोबर असेल. समुद्राचं तू शिकलीस. पण तिला शब्द दिलायस, तेवढं ध्यानात ठेव."

बंदी आली. ती लागू होण्याआधी शेजारणीनं शेवटचा वाडगा पाठवला, काठोकाठ भरून. तू रांधलंस, आपण दोघी जेवलो. तू मालवणला परत निघालीस तेव्हा वाडगा धुऊन ओट्यावर पालथा घातला होतास. "हा मी भरत नाही. हा तू भरून दे." मी ठरवलं, बंदी उठली की शंखानंच भरून देईन. तिच्या नवऱ्यानं होडी विकली, हॉटेलांचे धुवायचे कपडे नेणारी गाडी चालवली, मग ती दोघं मुख्य भूमीवर राहायला गेली. जाताना ती मला भेटली, तुझी चौकशी केली, वाडग्याचं नाव काढलं नाही. पुढच्याच वर्षी तू गेलीस.

बंदी कधी उठलीच नाही. इथल्या हॉटेलांतून अजून शंखाची भजी मिळतात, दुसऱ्या बेटांवरून गोठवून आलेली. आपलं दार लावून आम्ही लोकांच्या घरात हात घातला. बंदी चुकली असं मी आजही म्हणणार नाही. ती नसती तर बाहेर खोल पाण्यात मोजायला जे थोडे उरलेत तेही उरले नसते. पण तुझ्या शेजारणीला 'थोडीच वर्षं' म्हणणारी मीच होते.

हे पत्र कुठे टाकायचं, माहीत नाही. टाकणारही नाही. एवढंच सांगते, वाडगा अजून ओट्यावर आहे. त्यात मी कांदे ठेवते आणि संपत आले की लगेच जाऊन दुसरे आणते. तो रिकामा मला बघवत नाही.