खांबाला सांगून जाणे

२१ ऑगस्ट
चौकात आज खांब उभा राहिला. वर चार कॅमेरे, खाली भोंगा. गेल्या महिन्यात बॅनरवरून दोन गटांत डोकी फुटली, त्याचा हा बंदोबस्त. हे आमच्या दुकानातून बघत होते. म्हणाले, "आता शटरला कुलूप नाही लावलं तरी चालतंय."
खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. स्टँडवर पोरींना बघून शिट्ट्या मारणारी टोळी आज दिसली नाही.

२६ ऑगस्ट
भोंगा बोलला. "निळा सदरा घातलेले गृहस्थ, रस्त्यावर थुंकू नका."
गृहस्थ! आमच्या गावात हा शब्द लग्नपत्रिकेत सुद्धा नसतो. आवाज बाईचा की गड्याचा, ठरेना. दगडूनं खिशातला रुमाल काढला आणि गुडघ्यावर बसून रस्ता पुसला. कुणी हसलं नाही. मी हसणार होते, पण राहिलं.

४ सप्टें.
घाटनांदूरला कॉलेजात बारावीला 'सत्ता आणि शिस्त' घेतलं. दंडुक्यानं माणूस तेवढ्यापुरता वाकतो. पण आपल्यावर नजर आहे असं त्याला वाटत राहिलं, की तो स्वतःच स्वतःचा शिपाई होतो. राज्याला मग फार काही करावं लागत नाही. खांबाचं उदाहरण दिलं. तास रंगला.
मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "पण म्याडम, बघतंय कोण?"
उद्या सांगते म्हणाले.
सरपंच म्हणतात, तालुक्याहून बघतात. तालुक्याला फोन केला तर म्हणाले, ते तुमच्या ग्रामपंचायतीचं. म्हणजे...

१९ सप्टें.
आज फार वाईट झालं.
भर बाजारात भोंगा म्हणाला, "रुक्मिणबाई, मंगळवारी दुकान बंद ठेवून आपण कुठे गेला होता?"
रुक्मिणचं बांगड्यांचं दुकान आमच्या शेजारी. गिऱ्हाइकाच्या हातात भरायच्या बांगड्या तिच्या हातून सुटल्या. साडीचा रंग नाही, काही नाही, एकदम नाव. कुणी सांगितलं? तिचा दीर भानुदास समोर हॉटेलात चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला.
ती कुठं गेलती ते गावात मला एकटीला माहीत. लातूरला, लेकीकडं. सोनीनं जातीबाहेर लग्न केलं तेव्हापासून भानुदास उघड म्हणत फिरतो, "सापडू द्या, दोघं बी जित्ती ठेवत न्हाई." त्यांना खोली मीच बघून दिली.
रुक्मिण वर बघून म्हणाली, "दवाखान्यात गेलते, साहेब."
भोंगा गप्प. ती मात्र हात जोडून उभीच. शेवटी मी जाऊन तिला आत आणलं.

२ ऑक्टो.
संध्याकाळी बायका पारावर बसायच्या, ते बंद. विचारलं तर एकच उत्तर, "कशाला, उगं भोंग्यानं नाव घ्यायचं."
आत्याबाई, माझ्या सासूबाई, खांबासमोरून जाताना डोक्यावरून पदर घेतात. त्यांच्या सासऱ्यांसमोर घ्यायच्या तसा. त्या सासऱ्यांना जाऊन लई वर्षं झाली.

१४ ऑक्टो.
ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. ट्रॅक्टर चौकात थांबला. माणसं एकेक करून खाली उतरली, खांबाखाली उभी राहून वर तोंड करून सांगू लागली. "बळीराम. बायको आन दोन लेकरं. कर्नाटकात चाललो. उन्हाळ्यात येऊ." मग पुढचा.
असं करा म्हणून कुणी सांगितलेलं नव्हतं. भोंगा तर किती दिवसांत बोललेलाच नाही. एका बाईनं तान्हं लेकरू उचलून कॅमेऱ्याला दाखवलं. त्याचं टोपडं मागं सारलं, तोंड नीट दिसावं म्हणून.


२९ ऑक्टो.
तालुक्याहून एक माणूस शिडी घेऊन आला. डबा उघडून बघितला, परत लावला. मी विचारलं.
"जळालंय म्याडम. दसऱ्याच्या आधीच वीज पडलीय. नवीन कधी यील सांगता येत न्हाई."
म्हणजे ती माणसं, ते लेकरू. समोर कुणीच नव्हतं.
दुकानात येईल त्याला सांगितलं. दगडू म्हणाला, "असू द्या म्याडम. सांगितलेलं बरं असतंय." रात्री जेवताना हे म्हणाले, "तू कावून मधी पडतीस?"

११ नोव्हें.
आता सगळेच सांगतात. दळणाला चाललो. रानात चाललो. सकाळी हे सुद्धा मोटारसायकल थांबवून म्हणाले, "पाटोद्याला चाललो, सांजच्याला येतो." मी पायरीवर होते. वाटलं मलाच म्हणतायत. माझ्याकडं पाठ होती.
भानुदासनं खांबाच्या बुडाशी खुर्ची टाकलीय. कुणाला काही विचारत नाही. सगळं ऐकायला मिळतं त्याला.
रुक्मिणला आत बोलावून बजावलं. तो खांब मेलेला आहे. जायचंच असलं तर रानातून पुढच्या फाट्यावर जा, तिथून एसटी धर. "व्हय" म्हणाली. माझ्याकडं बघत नव्हती.

१८ नोव्हें.
फाट्यावर गेली नाही. सकाळी पिशवी घेऊन चौकात आली, खांबाखाली थांबली आणि स्वच्छ म्हणाली, "लातूरला चालले. लेकीकडं. तिला सातवा हाय."
मी शटर उचलत होते. तसंच अर्ध्यावर राहिलं.
भानुदास उठला. आवाज अगदी मऊ. "लातुरात कुठं, वैनी?"
तेव्हा तिला कळलं आपण काय बोललो. त्यानं तिच्या हातातून फोन काढून घेतला. चौक भरलेला होता. कुणी हललं नाही. मी ओरडले, "फोन द्या तिचा!" हे मला दंडाला धरून आत घेऊन आले.
सोनीला फोन लावला, उचलेना. मेसेज टाकला, 'आत्ताच्या आत्ता खोली सोडा.' तिनं वाचला. मग फोन बंद.
दुपारी मागच्या दारानं रुक्मिणकडं गेले. भिंतीला टेकून बसलेली. "खोटं बोलाया तोंडच उघडंना, म्याडम. वर बघितलं आन आपोआप आलं."
भानुदास गावात नाही.

१९ नोव्हें.
रजा टाकली. घरात कॉलेज म्हणून सांगितलं. रानातून फाट्यावर गेले, एसटीनं लातूर. खोलीला कुलूप.
घरमालकीण म्हणाली, "काल दुपारीच गेली दोघं. रिक्षात बसून. कुठं चाललो ते सांगितलं न्हाई."
सांगितलं न्हाई. दोन शब्द, पण मी तिथंच पायरीवर बसले, रडले.
मग ती म्हणाली, "सांजच्याला एक गडी इचारत आलता. चुलता म्हणत होता. त्यो बी त्यांच्यामागंच गेला आसंल."
सोनीचा फोन अजून बंद.
येताना गाडी थेट चौकात थांबली. रुक्मिणच्या दुकानाला कुलूप. भानुदास खुर्चीत, परत आलेला. अंगातला सदरा कालचाच. त्यानं माझ्याकडं बघितलं पण नाही. दगडू, हॉटेलवाला, दुकानाच्या दारात हे. सगळे आपापल्या जागी. कुणी काही विचारलं नाही.
सरळ घरी जायचं होतं. पाय थांबले.
"अंबाजोगाईला गेलते," मी म्हणाले, "कॉलेजच्या कामाला."
खोटं बोलले. पण बोलले. मान वर करून.
मागून भानुदास म्हणाला, "कॉलेज तर घाटनांदूरला हाय की, म्याडम."