मधल्या रांगेतल्या दोन सीटा

९ फेब्रुवारी २०२५, सकाळी
निर्णय झाला. मोठी गाडी घ्यायची. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाने एकदा तरी मनासारखी वस्तू घ्यावी. खताचं दुकान आता आदिनाथ बघतो. मुलगा हुशार आहे, मला वेळच वेळ.
आणि गाडी माझ्यासाठी नाहीच. मनकर्णाचे दोन्ही गुडघे गेलेत. आमच्या सेडानमध्ये बसताना ती देवाचं नाव घेते आणि उतरताना माझं. दोन्ही वेळचा सूर वेगळा.
तिची थोरली बहीण भागूअक्का आपल्या नगर जिल्ह्यातल्या कर्जतला असते. किडनीचा आजार, डायलिसिस चालू आहे. मनकर्णाला भेटून यायचंय. म्हटलं, नव्या गाडीत जाऊ. पंधरा दिवसांचा प्रश्न. ती म्हणाली, "पंधरा दिस व्हय? बरं."
निश्चय: भावनेच्या भरात काही घ्यायचं नाही. मी बी.एस्सी. ॲग्री आहे. आधी तक्ता करायचा.

१२ फेब्रुवारी
तक्ता झाला. कीटकनाशक कंपनीच्या कॅलेंडरच्या मागे, स्केच पेनने.
बाहेरून पांढरी, कारण आमच्याकडची धूळ. आतून टॅन, म्हणजे गुळाच्या ढेपेचा रंग. डिझेल. चढायला पायरी. मधल्या रांगेत सलग बाक नको, दोन सुट्या सीटा हव्यात, हात टेकायला सोय असलेल्या. त्यांना कॅप्टन सीट म्हणतात. ड्रायव्हर ठेवायचा आणि आम्ही दोघांनी मागे ऐटीत बसायचं. सनरूफ नको. देवळाली प्रवऱ्यात ऊन बघायला छताला भोक पाडावं लागत नाही.
मागणी साधी आहे. अडचण येऊ नये.

१६ फेब्रुवारी, रात्री (पुण्याहून परत)
अडचण आली.
शोरूम म्हणजे लग्नाचा हॉल. सुकन्या नावाची मुलगी दाखवायला होती. मूळची पारनेरची निघाली, त्यामुळे कॉफी दोनदा मिळाली. पण माहिती अशी: डिझेल घ्याल तर मध्ये सलग बाक. सुट्या सीटा हव्यात तर पेट्रोल. टॅन हवा तर गाडी काळी. पांढरी घ्याल तर आतून काळी. सनरूफ सगळ्यांत. आणि पायरी टॉप मॉडेलला नाही, कारण ते बटण दाबलं की स्वतःच खाली बसतं, उंटासारखं.
मी विचारलं, सनरूफ काढून पायरी देता येईल का. ती म्हणाली, "सर, ते पॅकेज आहे." मी म्हटलं, ताई, मी तीस वर्षं खत विकलं. युरियाच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारणं याला आमच्यात लिंकिंग म्हणतात. ती हसली. हसली म्हणजे पटलं.
काळी पेट्रोल, सुट्या सीटांची, तयार उभी होती. शुक्रवारी न्या म्हणाली. मनकर्णाला हात देऊन आत बसवलं. ती टेकून बसली, पाय पसरले आणि म्हणाली, "हीच घिऊ. हिच्यात बसता येतंय."
बाईमाणसाला रंगाचं गांभीर्य नसतं. काळी गाडी राहुरी फॅक्टरीपर्यंत जाईतो राखाडी होईल. मी पांढऱ्या डिझेलचं बुकिंग केलं. सुट्या सीटांसाठी कंपनीला खास विनंती करायची. सुकन्या म्हणाली, "मेल करून बघते सर, पण शक्यता कमी आहे." बघते म्हणाली, हे महत्त्वाचं.
एक हुशारी केली. जुनी सेडान तिथेच एक्स्चेंजमध्ये देऊन टाकली. लगेच दिली तर बोनस होता. भाड्याच्या गाडीने परत आलो. पंधरा दिवसांचा तर प्रश्न.

२५ फेब्रुवारी
कंपनीचं उत्तर नाही.
आज त्यांची विलायतेची वेबसाइट सापडली. तिथे सीटच्या शिलाईचा दोरासुद्धा निवडता येतो! तीन तास बसून माझी गाडी तयार केली. पांढरी, टॅन, डिझेल, सुट्या सीटा, पायरी. सनरूफपुढची खूण काढली तर निघाली. डोळ्यांत पाणी आलं.
मनकर्णाला दाखवली. ती म्हणाली, "सायबाला समदं आन् आपल्याला दोनच व्हय?" अगदी बरोबर. तिला विषय कळतो. पण लगेच, "मग अक्काकडं कदी?" असं विचारून विषय भरकटवते.

४ मार्च
भागूअक्काचा फोन. स्पीकरवर होता म्हणून ऐकला. आवाज बारीक झालाय. म्हणाली, "मने, तुज्या हातची हुलग्याची शेंगोळी खावी वाटती. पथ्य हाय, पर एक घास." मनकर्णा म्हणाली, "आनते अक्का." फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिली.
मी पाडव्याचा शब्द दिला. साडेतीन मुहूर्तांतला आहे. शुभ कामाला दिवस नको का?

१९ मार्च
सकाळी उठलो तर मनकर्णा इरकल नेसून ओट्यापाशी. शेंगोळी करून डब्यात भरलेली. सातची एसटी नगरपर्यंत, पुढे कर्जतची दुसरी. म्हणाली, "अर्धं तिकीट हाय बायकांना."
समजावलं. एसटीच्या पायऱ्या उंच. हिचे गुडघे. आणि कर्जतच्या स्टँडवरून आसारामच्या दारात पायी जाणार का? आसाराम म्हणजे भागूअक्काचा नवरा, माझा साडू. त्याच्याकडे दहा वर्षांपासून मोठी गाडी आहे. त्याच्या पोरीच्या लग्नात आमची गाडी मंडपाशी आली तेव्हा तो चारचौघांत ओरडला होता, "ती डबडी मागं लावा रे!" मी ते केव्हाच विसरलो. तारीख १४ मे २०१६. या गोष्टीचा इथे काहीही संबंध नाही.
आदिनाथ म्हणाला, "पप्पा, मी सोडतो ना पिकअपमधून." दुकानाचा पिकअप! खताच्या वासात आजारी माणसाला भेटायला जातात का? स्पष्ट नाही म्हणालो.
इरकल घडी करून ठेवली तिने. शेंगोळी रात्री आम्ही खाल्ली. छान झाली होती. मनकर्णा जेवली नाही, भूक नव्हती म्हणे.

३० मार्च, पाडवा
गुढी उभारली. गाडी नाही.
कंपनीचं उत्तर आलं, इंग्रजीत, अर्धं पान. सारांश: नाही. पण सुकन्या फोनवर म्हणाली की पुढच्या मॉडेलला डिझेलमध्ये सुट्या सीटा येऊ शकतात, नक्की नाही. मी तिचा "येऊ शकतात" एवढा भाग वहीत लिहून ठेवला.
ती काळी गाडी दुसऱ्या कोणी नेली. नेऊ दे. लोकांना चालतं काहीही.

२२ एप्रिल
समाधानाची गोष्ट. गेले दहा दिवस मनकर्णाने कर्जतचं नाव काढलेलं नाही. म्हणजे पटलं तिला.
दुपारी बहिणींचा व्हिडिओ कॉल झाला. दोघी फार बोलल्या नाहीत. मनकर्णाने मोबाईल उशीला टेकवून ठेवला होता आणि बघत होती. पलीकडे भागूअक्काला डोळा लागला तरी हिने फोन बंद केला नाही. अर्धा तास. डेटा संपला असेल.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया
मी हट्टी नाही, हे आज सिद्ध केलं. सनरूफ मान्य केलं. आतला काळा रंगही मान्य केला. सुकन्या खूश. म्हणाली, मग पांढरी डिझेल शनिवारी देते, फक्त मध्ये बाक आहे.
बाक मात्र नाही. मुद्दाच तो आहे. दोघांनी शेजारी शेजारी, आपापल्या सीटवर. संसारात एवढं तरी असावं. मनकर्णाला विचारलं, तुला डावी सीट आवडेल की उजवी? म्हणाली, "कुटं बी. तुमी ठरवा."
डावी ठरवली. तिकडून रसवंत्या दिसतात.

८ मे, सकाळी ६.१०
आसारामचा फोन. भागूअक्का पहाटे गेली.
पिकअपने निघतोय.

९ मे
काल सकाळनंतर काही लिहिता आलं नाही. आज लिहितो.
पिकअपला चढायला मनकर्णाला जमेना. आदिनाथने टोमॅटोचं रिकामं कॅरेट उपडं टाकलं. ती त्यावर पाय देऊन एका दमात वर गेली. तीन महिने मी पायरीवाल्या गाडीसाठी अडून होतो.
पुढच्या बाकावर तिघं. ती मध्ये. नगर आलं, मिरजगाव आलं. वळणावर तिचा खांदा माझ्यावर टेकायचा आणि ती तो लगेच काढून घ्यायची.
दारात गर्दी होती. आमचा पिकअप कोणी बघितला नाही. मी मात्र आसारामची गाडी बघितली. शेडमध्ये, कव्हर घातलेली, कव्हरवर बोटभर धूळ. कोणीतरी सांगितलं, दिवाळीपासून अक्काला तिच्यात चढता येत नव्हतं. डायलिसिसला शेजाऱ्याच्या व्हॅनमध्ये आडवी घालून न्यायचे.
आसारामने माझे दोन्ही हात धरले. केवढा म्हातारा झालाय. म्हणाला, "रंगनाथराव, लई वाट बघितली हो तिनं. दारात गाडी वाजली की इचारायची, मनी आली का?"
काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, आमच्याकडे गाडी नव्हती मध्यंतरी. नवीन यायची होती, जरा अडकली.
तो माझ्याकडे बघतच राहिला. "गाडी न्हवती व्हय? आन् मला सांगायचं न्हाई? ही उबीच हाय की. पोराला धाडलं असतं मी, मनीला न्यायला."
टोमणा आहे का ते मी त्याच्या तोंडाकडे बघून शोधलं. टोमणा नव्हता.
मनकर्णा अक्काच्या उशाशी बसली होती. मोठ्याने रडली नाही. अक्काचे केस तेवढे बोटांनी मागे सारत होती. शेजारच्या बायका सांगत होत्या तिला, शेवटी शेवटी काय काय बोलली ते. ती प्रत्येकीला विचारत होती, "अजून काय म्हनली?"
दहाव्यापर्यंत ती तिथेच राहणार. मी आणि आदिनाथ परत आलो. येताना पुढे भरपूर जागा होती.

१२ मे
घर मोठं वाटतं. दुकानात जाऊन बसलो. आदिनाथ म्हणाला, घरी आराम करा.
मी विचार केला. समजा काळी घेतली असती, तर टायर पंक्चर झाला असता, ड्रायव्हर मिळाला नसता, काहीही झालं असतं. शिवाय डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणे. भेट झाली असती तरी अक्का वाचली नसती. हे सगळं बरोबर आहे. दोनदा तपासलं.
तरी जेवण गेलं नाही.

१८ मे
काल दहावा झाला. मी गेलो नाही, पाठीत उसण भरली होती. आज आदिनाथ पिकअप घेऊन आईला आणायला निघणार, तेवढ्यात मनकर्णा दारात. हातात पिशवी. दोन एसट्या बदलून, स्टँडपासून चालत आली. गुडघे सुजलेत.
विचारलं, एसटीत चढलीस कशी? म्हणाली, "कंडक्टरनं हात दिला."
मी तेल गरम करून आणलं. तिने वाटी घेतली आणि स्वतःच लावत बसली.

२० मे
मनकर्णाला सांगितलं, बुकिंग रद्द करतो. ती म्हणाली, "बरं."
मला वाटलं होतं ती म्हणेल, नका करू. किंवा म्हणेल, आधीच का नाही केलं. दोन्हींची उत्तरं तयार होती माझ्याकडे.

२ जून, संध्याकाळी
रद्द करण्याचा फॉर्म मोबाईलवर आला. कारण निवडा. किंमत परवडत नाही. दुसरी गाडी घेतली. डिलिव्हरीला उशीर. तीनच. इतर काही कारण असू शकतं, हे यांना सुचलंच नाही. मी तिसऱ्यावर बोट ठेवलं.
पाच मिनिटांत सुकन्याचा फोन. बिचारी घाबरलेली. म्हणाली, "सर, उशीर लिहिलंत तर तो माझ्या नावावर लागतो. आमच्याकडून उशीर नव्हता ना झाला?"
मी पडवीत बसलो होतो. आत मनकर्णा भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. म्हणालो, "नाही ताई. उशीर माझ्याकडून झाला. मी कळवतो तसं तुमच्या साहेबांना."
ती थँक्यू सर म्हणाली आणि फोन ठेवला.
जरा मोठ्यानेच बोललो होतो. आत ऐकू गेलं असणार. मी कान देऊन बसलो.
शेंगा फोडायचा आवाज काही थांबला नाही.