बंदूक तुमची, काडतुसं माझी

हा कागद लिहायला उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. सांगलीचे सुमंत वकील दिवाळीतच म्हणाले होते, "आबा, डोकं ठिकाणावर आहे तोवर लिहून टाका." आता मे महिना लागला. डोके ठिकाणावर आहे, पण विचार नाहीत, म्हणून उशीर झाला.

मी, गुंडा बाबू शेवाळे, वय एकोणऐंशी, शिक्षण पाचवी पास (सहावीची परीक्षा दिली नाही), धंदा शेती, राहणार धामणदरा, तालुका शिराळा, जिल्हा सांगली. कोणाच्या धाकाने नाही, कोणी पाजले म्हणून नाही, सकाळचा चहा पिऊन, दिवसाउजेडी माझ्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टर अनीश यांनी मला आजचा वार विचारला, तो बरोबर सांगितला. तारीख चुकली, पण ती त्यांनीही मोबाइलमध्ये बघूनच सांगितली.

१. राहते घर व दीड एकर उसाचे रान मुलगा जयराज यास द्यावे. त्यात वाद नाही. मात्र घराची मागची भिंत पाडण्याआधी त्याने कलम ४ वाचावे.

२. बांधावरचा आंबा चुलतभाऊ बाळासो यांना द्यावा. त्या झाडावरून आमचे अकरा वर्षे बोलणे बंद होते. आंबा आंबट आहे. ते त्यांना माहीत आहे, तरी द्यावा.

३. बंदूक. एकनळी, बारा बोअरची. रानडुकरे ऊस झोपवत होती म्हणून पीक संरक्षणाच्या परवान्यावर घेतली. परवान्यासाठी दोन वर्षे हेलपाटे घातले. पहिल्या दिवशी कचेरीतल्या कारकुनाने विचारले, "नाव?" मी म्हणालो, "गुंडा." तो म्हणाला, "धंदा नाही विचारला, नाव सांगा." सगळी कचेरी हसली. आजोबांचे नाव मला ठेवले, त्यात माझा काय दोष?

दर निवडणुकीला बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. मी हवालदारांशी भांडत असे, "मतदान डुकरं करत्यात व्हय? ती थांबणार हायत का निकाल लागंपतूर?" ते म्हणत, "आबा, सही करा." तेव्हा मला तो जुलूम वाटे. आता काय वाटते ते मला नीट सांगता येत नाही. कलम ५ मध्ये प्रयत्न करतो.

मी गेल्यावर बंदूक व परवाना लगेच पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी. जयराजने वारस म्हणून स्वतःच्या नावे परवाना मागू नये. तो म्हणतो, "आबा, बंदूक म्हंजे घराची शान हाय." शान असती तर गंजली नसती. त्याची मुलगी शिवांजली हिच्या लग्नात तो माझ्या बायकोला, बनुबाईला, म्हणाला, "आये, दोन काडतुसं दे. लग्नाचा बार उडवायचा हाय."

बनुबाई म्हणाली, "लग्नाचा बार तोंडानं उडवत्यात रं मुडद्या. मांडवात बायापोरं हायती." आणि त्याच्या हातात अक्षतांची परात दिली. "ह्या उडीव."

४. काडतुसे. ती बनुबाईकडे का, हे लिहिणे भाग आहे. बंदूक आणली त्या वर्षी भर दुपारी उसात खसफस झाली. मी नळी रोखली. बोट घोड्यावर होते. तेवढ्यात ऊस खोकला. बनुबाई वैरण काढत होती. तिला आठ दिवस पडसे होते. ते पडसे नसते तर जयराज सव्वा वर्षाचा असताना पोरका झाला असता, आणि मी तुरुंगात.

ती भारा डोक्यावर घेऊन घरी आली, बंदुकीजवळची काडतुसे पितळी डब्यात घातली आणि म्हणाली, "आवं, आजपासनं बंदूक तुमची, काडतुसं माझी." तेव्हापासून घरात हाच कायदा. मागायला गेलो की ती एकच शब्द विचारी, "कशाला?" मग कारण सांगायचे. पटले तर एक मिळे. एकच. डुक्कर तोवर शिवार पार करून जाई.

बांधाचे भांडण झाले तेव्हा बाळासोने कुदळीचा दांडा माझ्या खांद्यावर घातला. मी घरी येऊन बंदूक काढली. बनुबाई भाकरी थापत होती. म्हणालो, "काडतूस दे."

"कशाला?"

"डुक्कर आलंय."

"कुठल्या रानात?"

"बांधावर."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिले. "त्या डुकराला मी राखी बांधते. बसा, भाकरी गरम हाय."

मी बसलो. दोन भाकरी खाल्ल्या. बाळासो आज शहात्तर वर्षांचा आहे आणि या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार आहे. त्याने हे कलम वाचावे. मी त्याला हे कधी सांगितलेले नाही.

ती काडतुसांची जागा सारखी बदलायची. दोन वर्षांपूर्वी मिरजेच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसून मी विचारले, "बनू, काडतुसं कुठं हायती?" डोळे मिटलेलेच होते. म्हणाली, "कशाला?" तो तिचा शेवटचा शब्द.

परवान्याच्या पुस्तकात पाचांची नोंद आहे. डब्यात दोन सापडली. तीन कुठे आहेत मला माहीत नाही. माझ्या अंदाजाने मागच्या भिंतीत, चुलीच्या वरच्या कोनाड्यात. म्हणून जयराजने भिंत पाडताना आधी माती हाताने उकरावी, मशीन लावू नये, आणि सापडतील ती बंदुकीसोबत जमा करावीत. या काळजीने मला जेवण जात नाही.

५. नात शिवांजली. ती, नातजावई मल्हार आणि सहा वर्षांचा पणतू वीरधवल अमेरिकेत असतात. जानेवारीत फोनवर वीरधवल म्हणाला, "पणजोबा, आज शाळेत लॉकडाऊन होता."

मला वाटले, करोना परत आला. मी फोन ठेवून चावडीवर गेलो आणि चार जणांना सांगितले. संध्याकाळपर्यंत गावातल्या दुकानातली तूरडाळ संपली. जयराज म्हणाला, "आबा, तुमी न्हाई, तुमची जीभ बंद करायला पायजे." आजही पोरे मला बघून तोंडाला रुमाल लावतात.

मग शिवांजलीने परत फोन करून समजावले. तिकडे शाळेत कोणी बंदूक घेऊन घुसला तर काय करायचे, त्याची ही तालीम. दार बंद, दिवे बंद, पोरे कपाटामागे गप्प. वीरधवलच्या बुटांत चालताना लाल दिवे लागतात. बाईंनी ते बूट काढायला लावले. मग त्याने फोन घेऊन मला विचारले, "पणजोबा, तुमच्या शाळेत कुठं लपायचं?" मी म्हणालो, "मास्तर दिसले की आम्ही आंब्यावर." मी हसलो. तिकडे कोणी हसले नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या शेजारच्या गावात एकाने दुकानात शिरून माणसे मारली. आता मल्हारला बंदूक घ्यायची आहे. शिवांजली म्हणाली, "तुम्ही सांगा आबा. तुमच्या घरात होतीच की. घेऊ का नको?" या गोष्टीला चार महिने होत आले. मी उत्तर दिलेले नाही.

नको म्हणावे, तर मी पन्नास वर्षे बाळगली. घे म्हणावे, तर ते बूट डोळ्यांपुढे येतात. तिकडे म्हणे दुकानात जाऊन लगेच घेता येते. मला दोन वर्षे लागली, त्यात माझा अर्धा राग वाटेतच गेला. पण मग वाटते, कागदानेच माणसे वाचली असती, तर त्या दिवशी बाळासो कशाने वाचला? परवाना तर माझ्या खिशात होता. आमच्याकडे कोयते-कुऱ्हाडी घरोघरी आहेत, त्यांनीही माणूस मरतो; पण एका दमात वीस नाहीत. पुढे मला कळत नाही. वकील म्हणतात, हे मृत्युपत्रात बसत नाही. मग कुठे बसवू?

बनुबाईचा पितळी डबा शिवांजलीला द्यावा. रिकामा द्यावा. झाकण घट्ट बसते, दोन हातांनी फिरवावे लागते.

ठिकाण : धामणदरा. तारीख : ६ मे २०२५, मंगळवार.

सही : गुंडा बाबू शेवाळे

साक्षीदार :
१. बाळासो दत्तू शेवाळे (कलम ४ दोनदा वाचून सही केली. आंबा नको म्हणाला, मग घेतो म्हणाला.)
२. डॉ. अनीश, शिराळा

सह्यांच्या खाली लिहिलेले धरत नाहीत, असे वकील म्हणतात. न धरू देत. एवढ्याचा फोटो जयराज आजच तिकडे पाठवेल. शिवांजली, उशीर झाला, पण तू घेतली नसशील तर थांब. आणि घेतली असशील, तर गोळ्या कोणाकडे ठेवल्यास, आणि मल्हारने मागितल्या तर "कशाला?" कोण विचारणार, एवढे लवकर कळव. पत्र नको, फोन कर. मी तो उशाशीच ठेवतो.