दुसरं इंजेक्शन

४ फेब्रुवारी, डमडम
सामान लागलं एकदाचं! सारंगची कोलकात्याला बदली झाली आणि आम्ही या तिसऱ्या मजल्यावर आलो. विमानं इतकी खालून जातात की पोटातलं बाळ ढुशी मारतं. तिसावा आठवडा. सारंग बँकेत तपासनीस, घरीही तसाच. सामान आणणाऱ्या हमालाचीसुद्धा सही घेतली. हसून हसून पुरेवाट.

१० फेब्रुवारी
पहाटे कळा सुरू झाल्या, जवळच्या नर्सिंग होममध्ये दाखल झाले. डॉक्टरांनी नीट समजावलं. बाळ लवकर आलं तर त्याला श्वास घेता यावा, म्हणून आईला दोन इंजेक्शनं देतात, चोवीस तासांच्या अंतराने. त्याने बाळाची फुप्फुसं तयार होतात. पहिलं सकाळी अकराला दिलं, दुसरं उद्या सकाळी अकराला. तोवर थांब गं बाळा.

११ फेब्रुवारी, दुपारी १२
दुसरं दिलेलंच नाही! मिताली सिस्टर आठ वाजता कामावर आली की लगेच फाइलमधल्या दिवसभराच्या रकान्यांत आधीच खुणा करून सह्या ठोकते. विचारलं तर फाइल पुढे केली. अकराला दिलं, मी विसरले म्हणे. माझ्या मांडीवर एकच टोचलेलं आहे, कालचं.

१.३०
सारंगने फाइल वाचली. वेळ आहे, सही आहे, म्हणजे दिलंच असणार म्हणतो. डॉक्टरांचंही फोनवर तेच. अरे, अंग कुणाचं आहे? नवरा आहेस की तपासनीस?

२.१५
मीच पुढचं पान उलटलं. मितालीच्या खुणांचीच निळी शाई. ‘दु. ३.४०. प्रसूती. मुलगी. रडली नाही.’ खाली तिचीच सही. हे आपण लिहिलेलं नाही म्हणाली. चेहरा पांढराफटक.

३.०५
आता तरी टोच म्हणून ओरडले. तिने सिरिंज भरली — फाइलकडे पाहिलं — ठेवून दिली. नोंद झाली आहे म्हणे. जळलं मेलं ते लक्षण!

३.२८
पान टराटरा फाडलं. खालच्या पानावरही तेच. त्याच्या खालीही —

३.३६
कळ — सारंगच्या हातात फाइल. वाचतोय. रडतोय. सही आहे म्हणून आत्ताच रडतोय! अरे मूर्खा, ती हालतेय, अजून हालतेय, हात लाव, तो कागद टाक आणि माझ्याकडे —