चित्र बंद, आवाज चालू

३ जून

कागदा, मागच्या खेपेला काय सांगितलं होतं, आठवतंय? नाही ना! मला एक अक्षर येत नाही, तरी सगळं पाठ आहे. तू अंगभर अक्षरं मिरवतोस आणि ठार विसरभोळा!

तर पुन्हा ऐक. मी नांगोबी. मी बोलते, कागोया लिहिते. ती माझी सून, थोरल्या मुकोसेची विधवा. मुकोसेला पुरलं आणि धाकट्या इसाबिर्येने तिची केळीची बाग बळकावली. तोही माझाच मुलगा! माझं जेवण त्याच्याच चुलीवरून येतं, म्हणून मी गप्प. रताळ्याबरोबर शब्दही गिळते.

(हे लिहिताना कागोयाने मान वर केली नाही.)

राजधानीतली केमिगिशा नावाची मुलगी विधवांवर संशोधन करतेय. जी बाई सांगेल की जमीन हिसकावली, तिच्याकडे वकील बायका येणार. पण ही स्वतः येणार नाही — सगळं फोनवरून! आणि चित्राचा फोन आमच्या अंगणात एकच. कुणाचा? इसाबिर्येचा!

५ जून

आज बोलायची पाळी माझी. फोनमध्ये केमिगिशाचा चेहरा आला. गोड पोर. मला जाजा म्हणते, म्हणजे आजी.

"जाजा, गुडघे टेकून नमस्कार करते."

"टेकलेस?"

"हो, जाजा."

"मला तर छातीपर्यंतच दिसतेस. खाली खुर्ची असेल!"

लाजली. खुर्चीच होती!

मग म्हणे, रेंज वाचवायला चित्र बंद करू या. तिचा चेहरा गेला, नुसतं काळं. पण ती तिकडून बघतच असणार.

"जाजा, तुम्ही एकट्याच आहात ना? हे बोलणं गुप्त राहील."

इसाबिर्ये फोन धरून कुजबुजला, "हो म्हण, आई." कुंपणापाशी सगळी आळी उभी. म्हटलं, "एकटीच गं!" आळी खिदळली. तो कलकलाट ऐकून केमिगिशा म्हणाली, कोंबड्या छान आहेत तुमच्या.

"नवरा गेला तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?"

"आधी नवरा कर, मग सांगते."

"अजून थोडं सविस्तर सांगाल?"

याला शिक्षण म्हणतात!

६ जून

रेंज नाही. संशोधनाला सुट्टी.

९ जून

आज कागोया. फोन पालथ्या उखळीला टेकवला. त्यात आजही नुसतं काळं. इसाबिर्ये तिच्या पाठीमागे बसला — "वहिनी, घाबरू नकोस, मी आहे ना!" म्हणूनच तर घाबरत होती.

केमिगिशाने विचारलं, "ताई, सासरच्यांनी तुमची जमीन घेतली का?"

कागोया हलली नाही. फोनकडे बघून फक्त भुवया उचलल्या. चांगल्या कपाळापर्यंत! आमच्याकडे शेंबडं पोरही ओळखेल — हो म्हणाली. मागे बसलेल्या इसाबिर्येला दिसल्या नाहीत. काय डोकं पोरीचं! मी मनात टाळ्या वाजवल्या.

"हॅलो? ताई? आवाज येतोय का?... बरं, पुढचा प्रश्न घेऊ."

आता वकील येणार! रात्री रताळं गोड लागलं.

१५ जून

केमिगिशाचा फोन. जे लिहिलं ते वाचून दाखवायचं असतं म्हणे, चुकलं तर सांगा.

"कागोयाताईंनी जमिनीबद्दल काही सांगितलं नाही. तक्रार नाही, असं मी लिहिलंय. तुमचं घर इतरांना उदाहरण म्हणून दाखवणार आहोत, जाजा!"

इसाबिर्येची छाती फुगली. कागोया पातेलं घासत होती, ते घासतच राहिली.

"अगं, सांगितलं की तिने! भुवया उचलल्या!"

"जाजा, चित्र बंद होतं ना. मला काहीच दिसत नव्हतं."

इसाबिर्ये माझ्याकडे बघत होता. तापात रात्रभर मांडीवर घेतलेला पोरगा. माझ्या ताटाचा मालक.

"हॅलो? जाजा? रेंज गेली का?"

"रेंज आहे. मी विचार करतेय! आता ऐक, तोंडाने सांगते. बाग घेतली. माझ्याच मुलाने. हाच, जो फोन धरून बसलाय."

फोन बंद झाला. रेंजने नाही, इसाबिर्येच्या बोटाने.

१६ जून

त्याच्या चुलीवरून आज काही आलं नाही. कागोयाने तिच्यातलं अर्धं रताळं दिलं. मोठं अर्धं मला.

२१ जून

केमिगिशा दारात! सोबत एक वकील बाई. लाल मातीत गुडघे टेकले — टेकता येतात तिला! कागोयाला तोच प्रश्न विचारला. इसाबिर्ये समोर उभा. कागोयाने भुवया उचलल्या नाहीत. मोठ्याने म्हणाली, "हो." रविवारी बागेच्या निवाड्यासाठी कुळाची बैठक आहे. मी जाणार, कागोयाच्या बाजूने बसणार.

रडू नकोस गं कागोया, शाई फुटते! त्यापेक्षा केमिगिशाला निरोप लिही — बागेतला घड उतरेपर्यंत या घरात खाणारी दोन तोंडं आहेत. शहरातला पाव नको, फुसका असतो. सुकी बारीक मासळी पाठव, शेंगदाणे पाठव. आणि फोनवरून नको!