इतर बायकांइतका धोका

"या घरच्या लेकी चाळिशीचं पाणी पीत न्हाईत," असं हरणाबाई आत्या आपल्या धाकट्या बहिणीच्या दहाव्याला म्हणाली होती. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. बोलणारी आत्या स्वतः पन्नाशी ओलांडलेली होती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

मी, अंजना नानासो विरकर, वय ४५, नोकरी पोस्टात, मूळची माण तालुक्यातली, राहणार कडेगाव, हे मृत्युपत्र धडधाकट शरीराने आणि शांत मनाने, कुणी न सांगता लिहीत आहे. एकोणचाळिसाव्या वर्षी मी एक मृत्युपत्र केलं होतं. गाडी सुटायच्या आत पिशवी भरावी तसं ते लिहिलं होतं. ते आज रद्द करते.

कारण असं. धाकटी आत्या आणि माझी थोरली बहीण मंगलताई, दोघी अडतिशीत स्तनाच्या कॅन्सरने गेल्या. त्या आत्याच्या मुलीलाही तेच झालं, तेव्हा संशोधन करणाऱ्या डॉ. ब्राह्मी मगदूम यांना तिच्या जनुकात एक बदल सापडला. तोच त्यांनी माझ्या रक्तात शोधला. तो माझ्यात नाही.

मी विचारलं, "म्हणजे मला आता काही होणार नाही?"

"असं कसं म्हणू? इतर बायकांइतका धोका तुम्हालाही आहेच."

इतर बायकांइतका! मी दवाखान्याच्या पायरीवर बसून हसले. मग मंगलताई आठवली आणि तिथेच रडले. घरी येताना दहा वर्षांची हमी असलेला मिक्सर घेऊन आले.

कलम १. कडेगावचं दोन खोल्यांचं घर, मिक्सरसह, माझा भाऊ मल्हार याची मुलगी माया हिला द्यावं. परड्यात यंदा लावलेली चिंच तोडू नये. चिंचेला फळ धरायला फार वर्षं लागतात म्हणून आजवर मी ती लावली नव्हती.

कलम २. मंगलताई आजारी पडल्यावर सासरी तिचं ताट वेगळं ठेवलं, जणू आजार जेवणातून लागतो. ते ताट मी तिच्यामागे भांडून परत आणलं. त्यात मी रोज जेवते, माझ्यानंतर मायाने जेवावं. त्या घरातलं कुणी माझ्या दिवसांना आलं तर पोटभर वाढावं, पण या ताटात नाही. एवढा राग मी सोबत नेणार आहे.

कलम ३. लेकींची वही डॉ. ब्राह्मी यांना द्यावी. डॉक्टरांनी घराण्याची वंशावळ मागितली तेव्हा मी म्हटलं, त्यात काय अवघड, आमच्याकडे पिढ्यांची नावं वाचून दाखवायला हेळवी येतो. बिराप्पा हेळवी आला, चौदा पिढ्या घडाघडा वाचल्या. सगळे बाप्ये.

"आणि लेकी?" मी विचारलं.

"लेकी दिल्या घरच्या, बाई. आमच्या वहीत कशाला?"

"मग दिल्या घरच्या वहीत असतील?"

"न्हाई, तिथंबी न्हाईत." आणि तो स्वतःच हसला.

म्हणून दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी एसटीने हिंडून मी विरकरांच्या लेकी शोधल्या. एकतीस सापडल्या. अकरा चाळिशीच्या आत गेलेल्या. वीस म्हाताऱ्या झालेल्या, किंवा होण्याच्या वाटेवर. हरणाबाई आत्या त्या विसांत. त्या वीसजणी आम्ही कधी मोजल्याच नव्हत्या. वहीचा अभ्यास करावा, नावं मात्र कुठे छापू नयेत.

कलम ४. माझी शिल्लक निम्मी मायाच्या शिक्षणाला आणि निम्मी या एकतीसजणींच्या लेकीसुनांना तपासणीसाठी कराडला जाण्यायेण्याला वापरावी. सुना या घरात जन्मल्या नाहीत हे मला कळतं. पण एकटीने तपासणीला जाणं किती जड असतं, हेही कळतं. सोबत लागते.

कलम ५. माणच्या बरड रानातला माझा हिस्सा मल्हारला द्यावा. यावर खुलासा करते.

माया सोळा वर्षांची आहे, शिकायला माझ्याकडे असते. परवा म्हणाली, "आत्या, एवढं वर्षानुवर्षांचं शिक्षण कशाला घेऊ? आपल्यात कोण जगतंय?" माझीही वीस वर्षं याच वाक्यात गेली. सज्ञान होईपर्यंत डॉक्टर तिची तपासणी करत नाहीत. मल्हारची करतात. त्याच्यात बदल नसेल तर तो मायात त्याच्याकडून येऊच शकत नाही.

मल्हारला सांगितलं तर म्हणाला, "बायकांचा आजार, अंजे. मला काय झालंय?"

"आबांना तरी काय झालं होतं? ऐंशी वर्षं जगले. मंगलताईला बापाकडूनच आलं."

"आबांवर जाऊ नगंस."

"मग गेल्या साली तो मेंढा का विकलास? धट्टाकट्टा होता की."

"पिलांचं जबडं आखूड निघत हुतं. त्यो धट्टाकट्टा असून काय उपेग, त्याच्याकडनंच..." एवढं बोलून तो थांबला. मग उठला. "माणसं काय मेंढरं हायत व्हय?"

वकील विश्वजीत थोरात यांनी सुचवलं, रक्त तपासलं तरच रान, अशी अट घाला. मी नको म्हटलं. भीतीने माणसाला कसं वाकवतात ते मी भोगलं आहे. रान बिनअट त्याचं.

वरील मजकूर वाचून, समजून, खाली सही केली.

अंजना नानासो विरकर (सही)

साक्षीदार: १. डॉ. ब्राह्मी मगदूम (सही) २. अ‍ॅड. विश्वजीत थोरात (सही)

कडेगाव, जि. सांगली. १२ फेब्रुवारी २०२५

सहीच्या खालचा मजकूर मृत्युपत्रात धरत नाहीत, असं वकील म्हणतात. म्हणून हे मुद्दाम इथे लिहिते. मल्हारदादा, याची प्रत मी तुला उद्याच आणून देईन. मी मरेपर्यंत थांबायला मायाला वेळ नाही. तुझ्यात काही निघालं तरी तो तुझा दोष नाही, आबांचाही नव्हता. तू नाही म्हणशील, कागदाची घडी करून खिशात घालशील आणि रानात निघून जाशील, हे मला माहीत आहे. तरी मागते. सोमवारी माझ्याबरोबर कराडला चल, आणि बाही वर करून हात पुढे कर.